घारोबा खाली उतरला

त्याला सगळे घारोबा म्हणत. इमारतींच्या कामावर टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये सकाळी चढायचा, तो दिवस कलल्यावरच उतरायचा. डबासुद्धा वरच खायचा. सळ्यांचा भारा असो नाहीतर काँक्रीटची बादली, तो ती इतकी अलगद टेकवायचा, की झोपलेलं मूलच गादीवर ठेवतोय असं वाटावं. वर त्याला बोलायला लागायचं ते फक्त वायरलेसवर, आणि तेही "डावीकडे", "थांब", "सोड" एवढंच. घारोबा सुखात होता.

मग त्याच्या कामावर खूश होऊन साहेबांनी त्याला बढती दिली. सगळ्या साइटवर देखरेख करायची, म्हणजे जमिनीवर यायचं. बायकोने हौसेने शेजारीपाजारी सांगितलं, आणि इथून घारोबाचं बिनसलं.

खाली कटर किंचाळत होते, मिक्सर घरघरत होता, खिशात फोन थरथरत होता आणि तीन-तीन माणसं एकदम बोलत होती. साहेब जाता जाता म्हणायचे, "ते जरा बघून घे." काय बघायचं, कधीपर्यंत, कुणाला विचारून? घारोबाने विचारलं की साहेब म्हणायचे, "अरे, एवढंही मीच सांगायचं का?" संध्याकाळी घरी आला की तो बाथरूममध्ये दिवा न लावता बसून राहायला लागला. एकदा बायकोने दार वाजवलं, हाका मारल्या, तरी आतून उत्तर येईना. त्याला ऐकू येत होतं, पण तोंडात शब्दच येत नव्हता. बायको दाराला टेकून बाहेरच बसली. बऱ्याच वेळाने आतून दारावर हलकेच टकटक झाली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना एका मानसोपचार केंद्राचा पत्ता दिला. तिथे मानसशास्त्रात डॉक्टरेट करणारे विद्यार्थी लोकांना तपासत, आणि अनुभवी तज्ज्ञ त्यांच्यावर लक्ष ठेवत.

"विद्यार्थी?" बायको वाटेत म्हणाली. "म्हणजे आपल्यावर हात बसवून घेणार की काय?"

खोलीत पाऊल टाकताच घारोबाच्या लक्षात आलं, की इथे ट्यूबलाइट नाही. कोपऱ्यात पिवळा दिवा होता, आणि खुर्च्या समोरासमोर न ठेवता दोन्ही खिडकीकडे तोंड करून मांडल्या होत्या. विद्यार्थिनी तरुण होती, त्याच्याहून जास्त तीच घाबरलेली दिसत होती.

"मी अजून शिकतेय," तिने आधीच सांगून टाकलं. "तुमची हरकत नसेल तर आपलं बोलणं रेकॉर्ड होईल. माझ्या मॅडम ते बघतील आणि माझं कुठे चुकलं ते मला सांगतील. नको असेल तर तसं सांगा, आपण दुसरी सोय करू."

घारोबा खिडकीकडे बघत म्हणाला, "मी क्रेन शिकत होतो तेव्हा वस्ताद माझ्या पाठीमागे उभे असायचे."

"कसं वाटायचं?"

"मानेवर श्वास लागायचा."

ती खुदकन हसली, आणि दोघांचेही खांदे सैल झाले.

मग भेटी सुरू झाल्या. प्रश्न तो घरून वाचून यायचा, कारण ती ते आदल्या दिवशी पाठवायची. शाळेत मधल्या सुट्टीत कुठे बसायचात, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं का, कुठला आवाज सहन होत नाही. बायको आणि त्याची थोरली बहीणही येऊन बोलून गेल्या. बहीण म्हणाली, "लहानपणी पाहुणे आले की हा पलंगाखाली जायचा. आम्हाला वाटायचं, लाजतोय."

सगळं झाल्यावर एके दिवशी मॅडम आणि विद्यार्थिनी दोघी बसल्या आणि विद्यार्थिनीने सांगितलं, "याला ऑटिझम म्हणतात. हा आजार नाही. तुमच्या मेंदूची घडण जन्मापासूनच अशी आहे."

"म्हणजे मी बिघडलेला नाही?"

"अजिबात नाही."

"मग इतकी वर्षं मी दुरुस्त काय करत होतो?"

त्या दिवशी घारोबा घरी जाताना शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे बायकोला लग्नानंतर आजच कळलं!

पुढच्या खेपेला विद्यार्थिनी मोठ्या उत्साहात होती. "समजा मी साहेब आहे. माझ्याकडे बघा, जरा हसा, आणि बोला." घारोबाने प्रयत्न केला. हसायला गेला तर शब्द निसटला, शब्द धरला तर हसू. घरी आल्यावर त्याने एवढंच सांगितलं, "मी आता तिकडे जाणार नाही."

दोन दिवसांनी निरोप आला. "मागच्या वेळी माझं चुकलं. ऐकून घ्यायला याल का? तुम्हाला काहीच बोलावं लागणार नाही."

तो गेला. मॅडमही बाजूला बसल्या होत्या. विद्यार्थिनी म्हणाली, "रेकॉर्डिंग बघताना मॅडमनी मला विचारलं, हे हसणं कुणाच्या सोयीसाठी? तेव्हा मला माझी चूक दिसली. तुम्ही जसे आहात तसं तुम्हाला जगता यावं म्हणून मी इथे आहे, आणि मी तुम्हाला दुसऱ्यासारखं व्हायला शिकवत होते. माफ करा."

आजवर चूक नेहमी घारोबाची असायची. समोरून कुणी माफी मागितली की काय म्हणतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "शिकताना माझ्या हातून एकदा पाण्याची भरली टाकी कलंडली होती. खालचे सगळे भिजले. साहेबसुद्धा."

मॅडमना हसू आवरेना. मग घारोबा जो सुटला, तो वेळ संपेपर्यंत थांबला नाही. वारा कसा ओळखायचा, हुकाला झोका बसला की हात कसा चालवायचा, धुक्यात शहर कसं दुधात बुडाल्यासारखं दिसतं, सगळं सांगून टाकलं.

"तुम्हाला परत वर जायचंय," विद्यार्थिनी हळूच म्हणाली.

जायचं होतंच, पण बायकोने गावभर बढतीची बातमी केली होती ना! म्हणून पुढच्या भेटीला बायकोलाही बोलावलं. घारोबाने सतरंजीकडे बघत सांगितलं, "मला ही बढती नको. मला वर जाऊ दे."

बायको म्हणाली, "अहो, एवढंच? तुम्ही माझ्याशी बोलेनासे झालात, मला वाटलं तुम्हाला माझ्यापासून लांब जायचंय!"

"तुझ्यापासून कशाला? मिक्सरपासून."

बायको इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

साहेबांशी कसं बोलायचं, हे या वेळी घारोबानेच ठरवलं: समोर उभं राहून नाही, मेसेज लिहून. त्याने लिहिलं, विद्यार्थिनीने वाचलं, आणि एक अक्षरही बदललं नाही. साहेबांचं उत्तर तासाभरात आलं. "अरे, आधी नाही का सांगायचं? तू उतरलास तेव्हापासून वर एकही धड माणूस मिळेना." सोमवारी घारोबा शिडी चढला. वर पोचल्यावर काचेला नाक लावून तो बराच वेळ नुसता बघत बसला. वायरलेसवर खालून आवाज आला, "घारोबा, झोपलास का रे?"

"नाही," तो म्हणाला, "बोल, काय उचलू?"

त्या रविवारी मेहुण्याकडे जेवण होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि टीव्हीही चालूच. पूर्वी घारोबा दात आवळून बसायचा आणि घरी येऊन दोन दिवस आजारी पडायचा. या वेळी तो अर्ध्या जेवणातून ताट घेऊन उठला.

"काय हो भावोजी, रागावलात?" मेहुण्याच्या बायकोने विचारलं.

"नाही, वहिनी. जेवण चांगलं आहे. माणसं जास्त आहेत."

मेहुणाच पहिला खो खो हसत सुटला. "इतकं खरं आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं!"

घारोबा मागच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने बायकोही आपलं ताट घेऊन तिथे आली आणि त्याच्या शेजारी जेवायला लागली. मग दार पुन्हा करकरलं. हातात भाजीचं पातेलं धरून मेहुणा उभा होता.

"सरका जरा," तो म्हणाला, "आत फारच गोंगाट आहे."