गवंडीकाकांचा डावा हात

मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या परिचारिकांना निरीक्षण शिकवायला त्या सकाळी एक सर आले होते. सोबत अठरा रकान्यांचा तक्ता. सर कधीच नुसत्या डोळ्यांनी बघत नसत. आधी रकाना बघत, मग माणूस.

सरावासाठी त्यांनी गवंडीकाकांना बोलावले. दोन महिन्यांच्या उपचारांनी काका बरेच सावरले होते. लेकीला बाळ झाले होते आणि रविवारी ते बघायला घरी जायचे होते. जायचे की नाही, हे तक्ता ठरवणार होता.

"काका, टाळ्या वाजवा," सर म्हणाले.

काकांनी उजव्या हाताने मांडीवर थाप मारली.

"आता चेंडू झेला. दोन्ही हातांनी."

काकांनी तो एकाच हाताने झेलला, तोही झकास. डावा हात पोटावरून हलेना.

परिचारिकांची पेने भराभर चालू लागली.

"सर, त्यांनी काहीतरी धरून ठेवलंय."

"शाब्बास! काय?"

"भूतकाळ?"

"वा!" सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग परवानगीच्या रकान्यात लिहिले, 'नको'.

काकांचा चेहरा उतरला. "साहेब, माझं जरा ऐका ना..."

"मध्ये बोलू नका, काका. रुग्णाचं ऐकायचं कसं, हा धडा दुपारी आहे."

दाराशी फरशी पुसणाऱ्या मावशींना राहवेना. "अहो सर, कसला भूतकाळ? पायजमा धरलाय त्यांनी! दाखल होताना नाडी तुम्ही लोकच काढून घेता ना?"

"तो सुरक्षेचा नियम आहे."

"असू दे की. पण नाडी काढली तर इलॅस्टिक नको का घालायला? त्यांनी हात सोडला असता, तर तुम्हीच डोळे मिटले असते."

एक परिचारिका खुदकन हसली आणि लगेच तक्त्यात तोंड खुपसून बसली.

बायकांच्या वॉर्डाला नुकतेच इलॅस्टिकचे पायजमे आले होते. मावशींनी त्यातला एक आणला. काका आडोशाला जाऊन तो घालून आले. गुलाबी फुलांचा होता. पण टाळ्या अशा वाजवल्या, की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावले.

"बघितलंत?" सर परिचारिकांकडे वळले. "एका तासात केवढा फरक!"

त्यांनी 'नको' खोडून 'हो' लिहिले. कारण लिहिले, 'प्रशिक्षणामुळे लक्षणीय सुधारणा'.

काकांनी मावशींना हळूच विचारले, "आता माझा घालू का परत?"

"छे! रविवारी गेटाबाहेर पडेपर्यंत हाच घाला. हे दुपारी पुन्हा तपासायला बसले, तर?"