मेणाची साय

फाल्गुनातलं ऊन हिरव्या जाळीतून गाळून आलं, की ते ऊन राहत नाही. डोहाच्या तळाशी पोचलेला उजेड होतं. तासगावच्या माळावर, दिनकरमामाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, तो हरितमंद उजेड दिवसभर तरंगत असे. एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर द्राक्षं निजलेली असत. काल पसरलेली काचमण्यांसारखी टपोरी, त्याआधीची सुरकुतलेली, मधुपिंगट. वारा येई, वारा जाई. आणि जाताना प्रत्येक मण्यातलं थोडं थोडं पाणी घेऊन जाई.

त्या उजेडात बारा वर्षांची केतकी बसलेली असे. उजेड तिच्यावर पडे, पण तिच्यात उतरत नसे.

तिचा धाकटा भाऊ समर पुण्याच्या इस्पितळात होता. त्याच्या रक्तात कर्करोग होता. आई तिथं, बाबा तिथं. आणि केतकी इथं, आजोळी, ‘थोडे दिवस’. थोडे दिवस सरून थंडी संपली होती, वेलींवरची द्राक्षं गोड झाली होती, आणि ‘थोडे दिवस’ अजून थोडेच होते.

समरला कुणाच्या तरी हाडातली मज्जा हवी होती. सख्ख्या बहिणीची जुळली तर सोन्याहून पिवळं, असं सगळे म्हणाले. केतकीनं तपासणीसाठी हात पुढं केला, सुई आत गेली, ती हललीसुद्धा नाही. मग, ती इथं येण्याआधीच्या एका दुपारी, इस्पितळाच्या लांब, फिनेलगंधी बोळात आई फोनवर कुणाला तरी म्हणाली, “नाही जुळलं तिचं.” रागानं नव्हे, रडूनही नव्हे, आमटीत मीठ राहिलं हे सांगावं, तशा सुरात.

नाही जुळलं तिचं. वाक्य इवलंसं होतं. ते केतकीच्या आत गेलं आणि तिथं सगळं गप्प झालं. दात काढायच्या आधी सुई दिली की हिरडी जड होते, आपलीच जीभ परकी लागते, तसं तिला सगळ्या अंगभर झालं. दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं.

फक्त एक विचार जागा राहिला, थंड आणि नीटस. आज नाही जुळलं, तर जुळवता येईल.

समरला कच्चं काही चालत नसे. फळ नाही, कोशिंबीर नाही, बाहेरचं नाही. सगळं उकडलेलं, वाफाळलेलं, ताजं. म्हणून केतकीही उकडलेलंच खाऊ लागली. समर दुपारी झोपे, म्हणून तीही झोपे. रक्त अन्नातूनच होतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. एकच अन्न, एकच झोप, मग एकच रक्त. मग पुन्हा सुई. मग जुळेल.

द्राक्षांच्या गावात, द्राक्षांच्या दिवसांत, घमेली भरभरून द्राक्षं समोरून जात असताना तिनं एकही मणी तोंडात टाकला नाही.

सुनंदामामीच्या ते ध्यानात आलं. तिनं एकदाच विचारलं, “नवस बोललीयास का गं?”

केतकीनं मान हलवली. हो की नाही, ते मानेलाही ठाऊक नव्हतं. पण मामीनं जाणलं ते जाणलं. भावासाठी पोरीनं द्राक्षं सोडली; सोडलेल्या वस्तूचा आग्रह करू नये, देव ऐकत असतो. त्या दिवसापासून मामी तिच्या ताटात निमूट उकडलेला बटाटा वाढू लागली, आणि घरात कुणी तिच्यासमोर घड आणेना. माया अशी, की पोर दिवसेंदिवस वाळत गेली आणि घर अदबीनं पाहत राहिलं.

एके सकाळी मामी द्राक्षं बुडवत होती. पिंपातल्या पाण्यात खार आणि तेल कालवलेलं. त्यात द्राक्षांची क्रेट बुडे, निथळे, मग जाळीवर पालथी होई.

“हे कशाला?” केतकीनं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं काही विचारलं होतं.

“द्राक्षावर मेणाची साय असती बघ, पांढुरकी. ती आतलं पाणी भाईर सोडत न्हाई. ह्या खारानं ती सुटती. नुसतं वाळाय ठिवलं तर वरनं तसंच दिसतंय, आतनं नासतंय.”

केतकीनं बोटानं एका मण्यावरची साय पुसली. खाली हिरवं, ओलं, उघडं कातडं चमकलं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात मामीचा फोन वाजला. केतकीनं तो उचलला. पडद्यावर समर होता. गुळगुळीत डोक्याचा, मोठमोठ्या डोळ्यांचा, मास्क हनुवटीवर ओढलेला.

“केते, द्राक्षं आली ना? मला चालत नाहीत. तू खा, मी बघतो.”

“मी खात नाही.”

“का?”

“नवस हाय बाबा तिचा,” मामी मागून हळूच म्हणाली.

“नवस नाही,” केतकी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण फार लांबून आला. “मी तुझंच जेवण जेवते. म्हणजे माझं रक्त तुझ्यासारखं होईल. मग जुळेल.”

मामीच्या हातातली क्रेट पिंपाच्या काठावर टेकली ती तिथंच राहिली.

समर खुदकन हसला, हसताहसता खोकला. “येडी! ते जन्मतःच ठरतं. डॉक्टरकाकांनी मला चित्र काढून सांगितलंय. तुला नाही सांगितलं?”

नाही. तिला कुणीच नव्हतं सांगितलं.

“तुझी काय चूक त्यात? मला इथं रोज बटाटा, आणि तू द्राक्षं सोडून बटाटा खातेस! खा ना. फोन जवळ धर. आवाज येऊ दे.”

मामीनं ओल्या हातानं घडातला एक मणी खुडला, पदराला पुसला आणि केतकीच्या तळव्यावर ठेवला. मग तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो काढला नाही.

केतकीनं मणी दातांत धरला. फोन गालाशी धरला. दूर, पुण्याच्या पांढऱ्या खोलीत, एक मुलगा कान देऊन बसला.

कट्.

“आला!” समर ओरडला. “गोड आहे?”

आधी आंबट लागलं, मग गोड, मग खारट. आणि खारट द्राक्षातलं नव्हतं. जाळीतून हिरवा उजेड झरत होता. वारा आला, मण्यामण्यांवरून फिरला, तिच्या गालांवरून फिरला; आणि जाताना थोडं पाणी घेऊन गेला.