आंदणाची खुर्ची

साड्या निवडताना बायका फार वेळ खातात असं म्हणणाऱ्या माणसांनी माझ्या होणाऱ्या सासरच्यांना एकदा खुर्ची निवडताना बघायला हवं होतं. आणि गंमत म्हणजे त्या खुर्चीत बसून काम करणारं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

शहापूरच्या बाजारात आमचा बस्ता बांधून झाला होता. मुरबाडहून ते जीप भरून आले होते. नवरामुलगा हरेश, त्याची आई भागीरथीबाई, त्याचे मामा, आणि नावं लक्षात ठेवावीत अशी लायकी नसलेले चार पाहुणे. मामांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि कुणी विचारायची ते वाट बघत नसत. आमच्याकडून मी आणि बाबा. आईला गाडी लागते, म्हणून ती किन्हवलीलाच राहिली.

मी घरून एका विमा कंपनीचं काम करते. हॉस्पिटलांची बिलं तपासायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅपटॉपसमोर. लग्नाच्या पंगतीत वापरतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी टाकून इतकी वर्षं काढली आणि पाठीची वाट लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकतर खुर्ची बदल नाहीतर नोकरी. नोकरी मी सोडणार नव्हते. तेव्हा बाबांना म्हटलं, आंदणात मला कपाट नको, पलंग नको, मिक्सर तर मुळीच नको. मागे रेलता येईल अशी एक चांगली खुर्ची द्या. बाबा हसले, "आंदणात खुर्ची कोण देतो गो?" पण कबूल झाले. सुपारी फुटली त्याच दिवशी हरेशच्याही कानावर घातलं. तेव्हा तो "चालंल की" म्हणाला होता. तेव्हा त्याला सगळंच चालत होतं.

फर्निचरच्या दुकानात शिरताच बाबांनी हात जोडले. "मामा, पहिले तुमी बसून बघा."

मान मामांचा ना! साड्यांच्या दुकानात पहिली साडी मामीसाठी निघाली होती, तेव्हा खुर्चीतही पहिलं बूड मामांचंच टेकायला हवं. मामा बसले, हलले, डुलले आणि "टेका कडक हाय" असा निकाल देऊन उठले. मग भागीरथीबाई. त्या थेट मांडी घालून बसल्या आणि गुडघे अडतात म्हणून शेठला विचारू लागल्या, "हे हात काढून मिळतील काय?" मग ते चौघे पाहुणे. एकानं चाकांवर गरागरा फिरून घेतलं आणि बाकीचे तिघे फिदीफिदी हसले. शेठ सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत होता. मी सोडून सगळ्यांना.

मी कडेला साड्यांच्या पिशव्या धरून उभी होते. दुखणारी पाठ माझी, खुर्ची माझी आणि हमालीही माझीच.

शेवटी हरेश उठला आणि दुकानातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत जाऊन बसला. काळी, गुबगुबीत, डोकं टेकायला उशी असलेली. त्यानं बाजूचा खटका ओढला, टेका मागे गेला. पाय लांब सोडले, हात डोक्यामागे घेतले, डोळे मिटले.

"बास. हीच घ्यायची. मॅच बघायला एक नंबर!"

"मॅच कोण बघणार?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? मीच की. हॉलमधी टीव्हीसमोर ठेवू."

"आणि माझं काम?"

त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तू कर ना पलंगावर बसून. लॅपटॉपच तर हाय."

मला त्याची किळस आली. हा माणूस मुरबाडच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, दिवसभर आपण किती राबतो ते फोनवर मला ऐकवतो, आणि आता माझ्या खुर्चीत पसरून माझी जागा पलंगावर ठरवत होता. या तोंडाकडे बघून मी लाजले होते, फोटो काढून घेतले होते. माझाच मला राग आला.

बाबा खाकरले. "सारिकाला बसू द्या ना जरा," ते इतक्या हळू म्हणाले की जणू परवानगीच मागत असावेत.

हरेश नाइलाजानं उठला. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि बसले. पाय जमिनीला टेकेनात. पाठीनं जोर लावला तरी टेका तसूभर हलेना. पुन्हा रेटून बघितलं. नाहीच.

"पोरीत वजनच नाय!" मामा म्हणाले आणि चारही पाहुण्यांना हसायचं निमित्त मिळालं.

शेठ वाकला. "खाली चक्री हाय. सैल केली का हलकं माणूसपण आरामात मागं जातं. थांबा, फिरवून देतो."

"नको, नको!" हरेश एकदम पुढे झाला. "हात लावू नका शेठ. मला बरोबर बसलीय. हिच्यासाठी सैल केली तर मी उलटा पडंल."

"तुमी बसाल तवा परत आवळायची. दोन फेऱ्यांचं काम."

"रोज कोण वाकणार?" हरेश म्हणाला.

रोज कोण वाकणार ते मला अगदी नीट समजलं. मी बाबांकडे बघितलं. ते दुकानाच्या फरशीकडे बघत होते.

मी उठले. पिशव्या उचलून हरेशच्या हातात दिल्या. त्यानं त्या घेतल्या, कारण काय चाललंय हे कळायला त्याला नेहमीच वेळ लागतो. कोपऱ्यात एक राखाडी खुर्ची होती, बारकी, जाळीच्या पाठीची. इतक्या वेळात तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी तिच्यात बसले. पावलं सपाट जमिनीवर टेकली. मागे रेलले तर टेका माझ्याबरोबर हळूहळू मागे आला आणि मी थांबले तिथे थांबला. कमरेतली गाठ सुटल्यासारखी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकं या लोकांसमोर आलं म्हणून माझा संताप झाला.

"अगो ऊठ," भागीरथीबाई म्हणाल्या. "मामा उभे हायत."

"त्यांचं मघाशी बसून झालंय," मी म्हणाले.

शेठनं भांडण ओळखलं असावं. घाईघाईनं त्यानं पेन काढलं. "मग यातली कुठली पाठवू मुरबाडला?"

मामांनी छाती पुढे काढली. "ती काळीच पाठवा. लिवा पत्ता..."

"ही पाठवा," मी म्हणाले. "किन्हवलीला."

"लगीन झाल्यावर किन्हवलीला खुर्ची कशाला?" मामा हसत म्हणाले. त्यांना वाटलं पोर बावचळली.

"मी असंन तिथंच खुर्ची लागंल ना, मामा."

आता मात्र हरेशला कळलं. पिशव्या तिथंच टाकून तो बाबांकडे वळला. "हिला समजवा तुमी! बस्ता झालाय, पत्रिका वाटल्यात. लोकांना काय सांगायचं आमी?"

"सांगा, खुर्ची बारकी पडली," मी म्हणाले.

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा साधा माणूस. आयुष्यभर व्याह्यांपुढे, पुढाऱ्यांपुढे, अगदी कंडक्टरपुढेही त्यांनी मान तुकवली. त्यांच्या चेहऱ्यावर घाम आला होता. त्यांनी "ऊठ" म्हटलं असतं तर मी उठले असते की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि शेठजवळ गेले.

"लिवा," ते म्हणाले. "सारिका सावळाराम विशे. किन्हवली, पिठाच्या गिरणीमागं. आणि शेठ, टेम्पो आजच पाठवा. उद्या तिला काम हाय."

मामा मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होते. मी आणखी थोडी मागे रेलले.