किप वॉच

शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर येऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेतली खैरुनबी एका गोऱ्या मडमेच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. मडम मराठी फर्डं बोलायची, पण लिहायची इंग्रजीच. एका बुधवारी खैरुनबी कामावर गेली, तर मडम पहाटेच टांग्यानं पन्हाळ्याला गेलेली. टेबलावर एक चिठ्ठी, आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर मडमेचं चांदीचं घड्याळ.

चिठ्ठी घेऊन ती पेठेतल्या हंबीररावाकडं गेली. हा गडी इंग्रजी तिसरीत दोनदा बसलेला, त्यामुळं गल्लीत त्याच्याएवढा शिकलेला कोणी नव्हता.

"खैरुन, किप वॉच टिल संडे," त्यानं खडा आवाज लावला. "किप म्हंजे ठेव. वॉच म्हंजे घड्याळ. घड्याळ तुझ्याजवळ ठिवायचं मावशे, ऐतवारपातूर!"

घरी न्यावं तर नातवंडं त्याचे काटे उपटतील. तिनं घड्याळ पदराच्या गाठीत बांधलं, वळकटी आणली आणि मुक्काम बंगल्यावरच हलवला. चिठ्ठीतले शब्द मात्र तिनं तोंडपाठ करून टाकले.

शुक्रवारी दुपारी दारात बैलगाडी थांबली. डोक्याला जरीचा पटका बांधलेला एक माणूस उतरला.

"मडमनं शिलाईचं मशीन मागवलंय पन्हाळ्याला. ह्यो बघा त्येंचा कागूद."

कागदावर इंग्रजीच होतं. खैरुनबीला ते काळं का गोरं कळेना. तिनं जरा विचार केला आणि पदरातनं स्वतःची चिठ्ठी काढली.

"बरं झालं पावणं, तुमी आलासा. मडमनं माझ्यासाठी बी हे लिवून ठिवलंय. वाचून दावा की."

पटकेवाल्यानं चिठ्ठी उलटीच धरली. "ह्यात बी त्येच हाय. आलेल्या माणसाला मशीन द्यावं."

"असं व्हय?" खैरुनबी कमरेला पदर खोचत उठली. "आरं मुडद्या, घड्याळाचं मशीन कवा झालं? पिराजी, धाव रं! चोर हाय चोर!"

समोरच्या सरकारी पागेवरचा पहारेकरी पिराजी काठी घेऊन धावला. पटकेवाला परसातनं निसटला. पटका मात्र कुंपणावर लोंबत राहिला.

रविवारी मडम परतली. "खैरुन, वॉच ठेवलंस ना?"

"ठिवलं की!" म्हणत तिनं गाठ सोडून घड्याळ पुढं केलं, आणि झालेला प्रकार सांगितला. मडम हसून हसून खुर्चीत बसली. किप वॉच म्हणजे घराची राखण कर, हे तिनं कसंबसं सांगितलं.

"एका शबदाला दोन कामं?" खैरुनबी वैतागली. "आमी एका भांड्यात दोन कालवणं शिजवत न्हाय."

दारात उभा पिराजी म्हणाला, "आपल्यात बी हाय की मावशी. प्रहर म्हंजे येळ, आन त्यातनंच पहारा. प्रहरभर उभं ऱ्हायचं, म्हणून तर मी पहारेकरी."

खैरुनबी मडमेकडं वळून म्हणाली, "मग मला बी अक्षरं शिकवा. मराठी बी, तुमची बी."

दुसऱ्या दिवसापासून चुलीशेजारी पाटी आली. पहिल्या आठवड्यात तीनदा आमटी खाली लागली, पण मडम मुकाट्यानं जेवली.