बॉल वाजला पाहिजे

“गार बॉल मारू नगंस. गार बॉल मेल्यावानी पडतोय. आधी काखंत धर, ऊब दे, मग भिंतीला लाव.”

साखर कारखान्याच्या जिमखान्यापाशी वाकून बुटाची नाडी बांधताना संयोगिताला आबांचं बोलणं आठवलं. आज तिचा सत्कार होता. तो उरकला की आजचा बॉल वाजवायचा, म्हणून तिनं साडीखालीच बूट चढवले होते.

आबा, म्हणजे तिचे वडील नाथाजी, पलटणीत साहेबलोकांच्या स्क्वॉश कोर्टावर मार्कर होते; गुण मोजायचे, साहेबांना खेळवायचे. थंडीत साहेब यायच्या आधी ते बॉल काखेत धरून उबवायचे. पेन्शनीवर सांगलीकडं परतल्यावर ते या कारखान्यात वॉचमन झाले. जिमखान्यात कुणा जुन्या साहेबानं बांधलेलं कोर्ट धूळ खात पडलं होतं. ते झाडून काढून आबांनी तिथंच लेकीला घडवलं.

पुढं ती देशोदेशी खेळली. म्हणजे काय, तर पात्रता फेरीत हरायचं, बॅग उचलायची, पुढचं शहर गाठायचं. गावाकडं लोक विचारायचे, “बॅडमिंटनच ना हे?” सांगून सांगून ती थकली आणि नुसतं “हो” म्हणू लागली. गुडघा गेला, तेव्हा पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत.

मिरजेच्या दवाखान्यात आबांनी शेवटचं मागणं मागितलं होतं. “कोर्ट गार पडू देऊ नगंस. देवापुढं रोज दिवा लागतो का न्हाई? तसा तितं बॉल वाजला पायजे. एकडाव तरी.”

“वाजेल, आबा.”

आबांचं दिवसकार्य झाल्यापासून तिनं तो नेम पाळला. गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेली, तेव्हा आई, अंबूबाई, पदर खोचून जायची आणि हातानंच बॉल भिंतीवर फेकून यायची. मध्येच कोर्टाला कुलूप लागलं. रंगकाम काढलंय, असं सांगितलं गेलं. तेवढे दिवस नेम खंडला; आज, सत्काराच्या दिवशी, ते उघडणार होतं.

कोर्टाच्या दारावरच्या फलकावर आता तिचं नाव होतं आणि शेजारी बॅडमिंटनचं फूल. संचालक मानसिंगराव लगबगीनं पुढं आले.

“डोळं मिट, पोरी. हां. आता उघड.”

कोर्टाच्या लाकडी जमिनीच्या जागी काळीभोर ग्रॅनाइटची फरशी होती. बॉल जिथं वाजायचा त्या समोरच्या भिंतीवर टाइलांवर छापलेला तिचाच फोटो, पार छतापर्यंत, हसणारा.

“संयोगिता सभागृह,” मानसिंगराव म्हणाले. “लाकडाला वाळवी लागलीवती, सगळं उपसून टाकलं. आता बारसं म्हण, हळदीकुंकू म्हण, समदं हितंच.”

“काका, लाकूड कुठंय?”

“गेस्ट हाऊसच्या बंबात घातलं. लय झ्याक जळलं.”

“आणि खेळायचं कुठं?”

“तुझा गुडगा गेला. आता खेळनार कोन गं?”

सत्काराला जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मानसिंगरावांचे डोळे भरून आले होते. फरशी बसेपर्यंत रोज दिवसभर ते तिथं उभे राहिले होते, असं कुणीतरी माइकवर सांगितलं. शाल आली, नारळ आला. दोन शब्द बोल म्हणाले. “आभारी आहे,” एवढं बोलून ती खाली बसली. साडीखालचे बूट तिनं आत ओढून घेतले.

घरी आल्या आल्या तिनं शाल कोपऱ्यात भिरकावली. अंबूबाईंनी ती उचलून घडी घातली, नारळ देवापुढं ठेवला.

“भांडायचं की मग त्येंच्याशी.”

“काय म्हणून भांडू? माझंच नाव दिलंय त्याला. नाव नसतं दिलं तर भांडले असते.”

“डाक्टर काय म्हनलं?”

“घसरायचं नाही म्हणाले. आणखी एकदा घसरलीस तर मग चालायचंही विसर.”

“आन् फरशी?”

“आरसा आहे.”

अंबूबाईंनी वात सारखी केली. “मी जाते की. हातानं फेकून येते.”

“शब्द मी दिलाय, आई.”

“तुझ्याच तोंडावर बसंल गं बॉल.”

“बसू दे.”

टाइल तडकली तर मानसिंगराव काय म्हणतील, हे दोघींच्याही मनात आलं. त्या दिवशीही बॉल वाजला नव्हता.

सकाळी अंबूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. संयोगिता रॅकेट घेऊन दाराशी आली. खुंटीवरची आबांची जिमखान्याची किल्ली तिनं कनवटीला लावली.

“बूट ऱ्हायलं गं,” अंबूबाई म्हणाल्या.

“फरशीवर घसरतात.”

देवळात जाताना काढतात तसे बूट उंबऱ्याशी जोडून ठेवलेले होते. अंबूबाईंनी ते बाजूला सारले, तिला वाट दिली.

वसाहतीच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चालली होती. संयोगिता कडेकडेनं, अनवाणी, जरा लंगडत निघाली. उजव्या हातात रॅकेट होती. डावा हात मात्र चालताना हलत नव्हता. तो तिनं अंगाशी घट्ट धरला होता. काखेत बॉल होता.