क्रूसवाल्या नावांचं पाणी

चूक दाखवली की माझा विल्बेर हसतो. लहानपणी हसायचा तेव्हा थोबाडीत देता यायची. आता तो पाणी-समितीचा चिटणीस आहे, कुस्को शहरात शिकून आलाय, आणि हसताना मोबाइलवरची नजरसुद्धा वर उचलत नाही.

आमच्या पाटाच्या पाळ्या समितीच्या भिंतीवर रंगवलेल्या असायच्या. ओळीच्या सुरुवातीला घराचं नाव, पुढच्या रकान्यांत वार आणि वेळ. घरधनी गेला की त्याचं नाव पुसत नाहीत. पुढे छोटा क्रूस काढतात आणि त्याची बाई त्याच नावावर दारं धरते. माझा निकानोर गेला तेव्हा मीही अशीच पाटावर उभी राहिले. कुणी विचारलं नाही, बाई तू कोण.

विल्बेरने त्या भिंतीचा फोटो काढला. फोटोतला तक्ता ओळखून रकान्यांसकट संगणकात उतरवणारं काहीतरी त्याच्याकडे होतं. पापणी लवायच्या आत झालं म्हणे. तक्ता सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, सभेने हात वर करून तो मंजूर केला, आणि पाणीखात्याचा इंजिनिअर बघायला येणार म्हणून भिंतीला चुना फासला.

माझ्या पाळीला मी फावडं घेऊन गेले. पाटकरी इलारिओ, ज्याला सगळे तायता म्हणजे बाबा म्हणतात, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून शोधत राहिला.

"सातुका, तू नाहीस गं यात."

"म्हाताऱ्या, मी तुझ्यासमोर उभी आहे."

"इथे आहेस. यात नाहीस. निकानोर नाही, तुझ्या शेजारणीचा, फोर्तुनाताचा नवरा नाही. क्रूसवालं एकही नाव नाही. पाटाचं दार उघडलं तर समिती मला हाकलेल."

मका तुऱ्यावर आला होता आणि पाऊस यंदा फिरकलाच नव्हता. तुऱ्यावर पाणी चुकलं की कणसात दाणा भरत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी तशीच घरी आले.

"अरे, बापाचं नाव कुठे घालवलंस?"

तो हसला. मग बोट फिरवता फिरवता हसू थांबलं. "क्रूस म्हणजे नाव रद्द, असं धरलं त्या संगणकाने. त्या ओळी बाजूला काढून मला विचारलं होतं, काढून टाकू का म्हणून."

"मग?"

"मी हो म्हटलं. वाचलंच नाही, आई. घाई होती."

"बरं. आता तेवढ्याच घाईने परत घाल."

"रविवारी इंजिनिअर येतोय. आपला तक्ता दुसऱ्या गावांना दाखवणार आहे. आता सांगू, विधवाच गाळल्या म्हणून? छी-थू होईल माझी. पुढच्या फेरीला घालतो ना."

"पुढच्या फेरीपर्यंत मक्याची वैरण झाली असेल."

"मग रात्री उघड की थोडं दार. तायताला सांगतो, तो बघणार नाही."

माझंच पाणी मी चोरून घ्यायचं! मी फावडं कोपऱ्यात टेकवून चुलीकडे वळले. असल्या बोलण्याला उत्तर दिलं की ते ऐकून घेतल्यासारखं होतं.

रविवारी इंजिनिअरने त्याच चुना फासलेल्या भिंतीवर उजेड पाडून तक्ता दाखवला. शेजारच्या गावांचे लोक आले होते. "एक रकानाही इकडचा तिकडे नाही," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. फोर्तुनाताने मला कोपर मारलं.

"बोल की! तोंड काय भाड्याने दिलंयस?"

"विल्बेर बोलेल," मी म्हटलं.

परक्यांपुढे पोटच्या पोराला उघडं पाडायचं नव्हतं मला. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्यानेही पाहिलं माझ्याकडे. नीट पाहिलं. मग वळला आणि इंजिनिअरच्या पेल्यात चिचा, आमची मक्याची दारू, ओतायला लागला.

मका वाळला. फोर्तुनाताचाही वाळला. ती आता माझ्या दारावरून जाताना मान दुसरीकडे करते.

पुढच्या फेरीच्या तोंडावर विल्बेर आला. मी अर्धवट सुकलेली ताटं कापून गिनीपिगांना घालत होते. त्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला.

"बघ आई, घातलं. बाबांचं नाव, क्रुसासकट. सगळ्यांची घातली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

मी विळा खाली ठेवला.

"विल्बेर, न वाचता हो म्हणालास तो मूर्खपणा. मूर्ख पोराला मी मरेपर्यंत सांभाळलं असतं. पण तुला कळलं, आणि कळल्यावर तू आईचा मका वाळू दिलास, चार माणसांत नाचक्की होईल म्हणून. तू भित्रा आहेस. घराबाहेर हो, आणि जेवायला तिथे जा जिथे तुझ्यासाठी टाळ्या वाजल्या."