मैदानाखालचे शिंपले

"निघाले! शिंपले निघाले!" मैदानात एकच गलका झाला. शिंपलेबाबांनी काठी टेकवली, शिष्यांनी छातीभर खड्डा खणला आणि समुद्रापासून तीन कोसांवर पांढरे शिंपले वर आले. महिन्यातला हा अकरावा खड्डा. एकही फुकट गेला नव्हता.

"सागरमाता या काठीमागून चालते!" बाबा गरजले. "शिंपल्यांचं भस्म खा. साखर पळेल, सांधे सुटतील, सुनेचं तोंडही बंद होईल!"

भस्माच्या रांगेत मावशी उभी होती. पंधरा दिवस तिनं इन्शुलिन घेतलं नव्हतं. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली होती. तिला न्यायला आलेली भाची बाबांचा चेहरा पाहून जागच्या जागी थिजली. भाची भूगर्भ खात्यात होती आणि दोन वर्षांपूर्वी ती इथली माती तपासत असताना हाच माणूस तिच्या मातीच्या नमुन्यांच्या नळ्या वाहत होता. चहा पिता पिता तिनंच त्याला सांगितलं होतं, "इथं कुठंही छातीभर खण, शिंपले लागणारच." मग तिनं खात्याला अहवाल दिला. गावाला सांगायचं राहून गेलं.

"कुणीतरी चप्पल फेका," ती ओरडली. "पडेल तिथं खणू."

"माता कोपेल!" बाबा किंचाळले. पण चहावाल्यानं चप्पल भिरकावलीसुद्धा. तिथं खणलं, तर तेवढ्याच खोलीवर तेच शिंपले.

तिनं एक उचलला. "बघा, दोन्ही झाकणं अजून जुळलेली आहेत. लाटांनी आणले असते तर ती सुटली असती, घासली असती. हे इथंच चिखलात जगले, इथंच मेले. हजारो वर्षांपूर्वी इथं खाडी होती, नदीच्या गाळानं ती बुजली. हा थर सगळ्या मैदानाखाली आहे." ती मावशीकडे वळली. "आणि बाबांना हे मीच सांगितलं."

लोक वळून पाहतात तो बाबा पसार.

मावशीचा अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुला ठाऊक होतं, मग मला का नाही सांगितलंस गं?"

आता भाची जिथं माती तपासते, तिथं आधी माणसं गोळा करते. सांगते, "कुणी चमत्कार दाखवला, तर त्यानं न दाखवलेल्या जागीही खणून बघा. औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मावशीनं मला विचारलं नाही, हा तिचा दोष नव्हे. न विचारता सांगणं माझं काम होतं."